तीन किलो शंभर

धुळ्याला आग्रा रोडवर खुझेमाशेठचं दुकान.
बाहेर पाटी, शस्त्रे व दारूगोळा,
आत सुपारीच्या डब्यात फायरिंग पिना.
मी तिथे दस्ते घासायचो, सत्तर रुपये महिना.
एकोणसत्तर साल. ऊन असं
की नळीला बोट लावलं तर सोडवून घ्यावं लागे.

तोताराम फिरके आले यावलहून, केळीचे व्यापारी,
परवाना चार घड्या घालून पाकिटात
आणि पिशवीत, हे मी विसरलो नाही,
घड तोलायचा स्प्रिंगकाटा.
मागे वाटाड्या, दित्या पावरा. तो पायरीवरच बसला.

"हलकी पाहिजे, शेठ. पालच्या वर
बैलगाडी थांबते, मग वाट थांबते,
मग नुसते दगड आणि माझे गुडघे."

पहिली टांगली इशापूरची. काटा चारच्या जवळ.
"म्हातारी होईल, मरायची नाही," शेठ म्हणाले.
दुसरी इंग्रजी, लांब नळीची,
नेम असा की सुईत दोरा ओवावा,
वजन मात्र लग्नातल्या मामासारखं,
उठवल्याशिवाय उठत नाही.
तिसरी ऑस्ट्रियाची, भुसावळच्या रेल्वेसाहेबाची,
साहेब गेला आणि बाईंनी विकली.
बारीक नळी, पोकळ मुठीचा बोल्ट,
अक्रोडाचा दस्ता मीच आतून कोरलेला, दोन रविवार.
आकडा लावला. काटा थरथरला, थांबला.
तीन किलो शंभर.

पांझरेच्या वाळूत शंभर पावलांवर कागद.
बोल्ट मागे, पुढे, खाली,
कपाटाचं दार बंद व्हावं इतकाच आवाज.
तीन गोळ्या. तिन्ही भोकं
चांदीच्या एका रुपयाखाली झाकली गेली.
चौथी वीतभर डावीकडे.
"बारीक नळी लवकर तापते," मी म्हणालो,
"चौथी गोळी तिच्या मनाने जाते."
फिरके खांदा चोळत होते.
हलकी बंदूक लाथ जोरात मारते, हेही सांगायचं होतं,
पण ते त्यांना कळलं होतं.

मग दित्या उठला.
त्याने नेम धरला नाही, दुर्बिणीला डोळा लावला नाही.
पट्टा खांद्यावर टाकला आणि अनवाणी
काठाचा चढ चढला, उतरला,
पुन्हा चढला. तिसऱ्यांदा थांबून म्हणाला,
"पट्टा चार बोटं खाले ल्या."
फिरके म्हणाले, "अरे, बंदूक माझी."
"बंदूक तुमनी, खांदा मना शे.
मना खांदाले इचारा."
आणि जाताजाता, वाळू झटकत,
"बंदूक हलकी शे भाऊ, सांबर हलकं नही."

फिरके हसले. पैसे मोजले.
मी कडी काढून खाली बसवली,
वरच्या भोकात अक्रोडाची खुंटी ठोकली, घासली,
तेल लावलं. रेषासुद्धा दिसेना.

तीन हिवाळे ती सातपुड्यात चढली.
बहात्तरला कायदा आला,
आणि मग ती फक्त निवडणुकीला दुकानात चढायची.
आचारसंहिता लागली की जमा, पावती, कपाट.
फिरके दर वेळी काटा मागायचे.
दर वेळी तीन किलो शंभर.
दर वेळी म्हणायचे, "काटा बिघडलाय तुमचा."
पुढे दोन्ही हातांनी देऊ लागले.
गेल्या खेपेला नातू आला,
एका हाताने काउंटरवर ठेवली, फोनवर बोलत.

दित्याचं मी एकदा विचारलं होतं.
"त्याचा उजवा खांदा खाली आला," फिरके म्हणाले,
"बंदुकीने नाही. सगळ्यानेच."
आणि पावती घडी घालत राहिले, चार घड्या.

आता कपाट उघडलं की तेल लावायचं काम माझंच.
दस्त्यावर अंगठा फिरवतो.
पट्ट्याच्या कडीवर चार बोटं मोजतो,
तिथे खुंटी आहे.
लाकूड आटलंय, तिची कड
किंचित वर आलीय.